भोकं चोवीस, स्क्रिप्ट म्हणते अठ्ठेचाळीस

कॅड मॉडेल वाचून त्यातली भोकं मोजणारी स्क्रिप्ट मी इतक्या वेळा दुरुस्त केली आहे (कधी स्वतःची, कधी दुसऱ्याची, दोनदा तर नोकरी सोडून गेलेल्या माणसाची) की हल्ली कुणी तक्रार घेऊन आलं तर मी आधी कोड उघडतच नाही. विचारतो, "किती यायला हवी होती आणि किती आली?" त्या दोन आकड्यांतच निम्मं निदान होतं. ही स्क्रिप्ट चुकते ती वाटेल तशी चुकत नाही. तिच्या चुकण्याच्या पाच-सात ठरलेल्या तऱ्हा आहेत.

मुळात गोची अशी की ज्या फाइलमध्ये आपण भोक शोधतो, तिच्यात भोक नावाची वस्तूच सहसा नसते. एखादी स्टेप फाइल (एका कॅड सॉफ्टवेअरमधून दुसऱ्यात मॉडेल नेण्यासाठीची) टेक्स्ट एडिटरमध्ये उघडून पाहा. सपाट सरफेस, सिलिंडर, वर्तुळं, रेषा, बिंदू आणि कोण कोणाला चिकटलंय याच्या नोंदी, एवढंच दिसेल. 'इथे १० मिमीचं ड्रिल मारलंय' ही माहिती डिझाइन करणाऱ्याच्या मूळ फाइलमधल्या फीचर ट्रीमध्ये (मॉडेल कुठल्या पायऱ्यांनी बनलं त्या यादीत) होती. एक्स्पोर्ट करताना ती मागे राहिली. आता उरलेल्या फेसवरून, म्हणजे मॉडेलच्या एकेका पृष्ठभागावरून, भोक ओळखायचं काम आपल्या गळ्यात.

खालचं सगळं लिहिताना माझ्या डोळ्यांसमोर ओपन कॅस्केड आणि पायथन आहे, कारण माझे हात त्यातच जास्त पोळलेत. तुमचा कर्नल, म्हणजे भूमितीचं गणित करणारी लायब्ररी, दुसरा असेल तर फंक्शनांची नावं बदलतील. बिघाड तेच राहतील.

लक्षणं

यातलं तुमचं कुठलं ते आधी ठरवा.

- आकडा बरोबर दुप्पट येतो. २४ ऐवजी ४८.
- आकडा थोडा जास्त येतो, आणि जादा 'भोकं' खिशाच्या (भागात कोरलेल्या खळग्याच्या) कोपऱ्यांत किंवा बाहेर आलेल्या खांबांवर सापडतात.
- भोकं डोळ्यांना दिसतायत, स्क्रिप्ट शून्य म्हणते.
- असेंब्लीत (अनेक भागांच्या जुळणीत) एकसारखे सहा ब्रॅकेट आहेत, भोकं मात्र एकाचीच मोजली जातात.
- आकडा बरोबर, पण व्यास २५.४ पट किंवा १००० पट मोठा-लहान.
- आकडा बरोबर, पण आरपार भोकाला बंद म्हणते; काउंटरबोरला (वर रुंद, खाली अरुंद अशा पायरीच्या भोकाला) दोन भोकं मोजते.
- तेच मॉडेल जरा हलवून किंवा फिरवून पुन्हा दिलं की आकडा बदलतो.

एका फाइलमध्ये दोन-तीन लक्षणं एकत्र असू शकतात, आणि ती एकमेकांना झाकतात. मी एकदा एक प्लेट पाहिली होती, तिच्यात निम्म्या सिलिंडरांचे दोन-दोन तुकडे झाले होते आणि काही भोकं सापडतच नव्हती. योगायोगाने बेरीज बरोबर आली! चार महिने कुणाला पत्ता नव्हता. म्हणून आकडा जुळला तरी पहिली तपासणी टाळू नका.

आधी रंगवून बघा

फुकट, आणि दहा मिनिटांत होते. नुसती संख्या छापू नका. स्क्रिप्टने ज्या फेसला भोक म्हटलं त्यांना लाल रंग देऊन मॉडेल पडद्यावर दाखवा. प्रत्येक गटाला वेगळा रंग देता आला तर आणखी चांगलं. फ्रीकॅड या फुकट कॅड प्रोग्राममध्ये हे सहज जमतं. कोपऱ्यातला फिलेट (कोपऱ्याला दिलेली गोलाई) लाल दिसला, एकाच भोकाच्या दोन भिंती दोन रंगांत आल्या, की पुढची कुठली तपासणी करायची ते लगेच कळतं. लोक ही पायरी गाळून थेट टॉलरन्सशी (किती फरक चालवून घ्यायचा त्या मर्यादेशी) खेळायला लागतात आणि दिवस घालवतात.

याच वेळी, ज्याने आकडा मागितला त्याला जाऊन विचारा की तो भोक कशाला म्हणतो. हसू नका. काउंटरबोर एक की दोन? लांबट स्लॉट धरायचा? बिजागरीसारखे दोन कान समोरासमोर आहेत, दोन्हींतून एकच पिन जाते. भोक एक की दोन? खर्चाचा अंदाज काढणाऱ्याला ड्रिलचे फेरे मोजायचे असतात, जुळणी करणाऱ्याला बोल्ट. दोघांचे आकडे वेगळे येणार आणि दोन्ही बरोबर असणार. मी पाहिलेल्या तक्रारींत बऱ्याचदा स्क्रिप्ट ठीक होती, प्रश्नच अर्धा होता. उत्तरं कोडच्या वर कॉमेंटमध्ये लिहून ठेवा.

फाइल काय आहे ते बघा

मूळ कॅड फाइल मिळू शकते का, हे विचारायला काही पडत नाही. मिळाली तर त्या सॉफ्टवेअरच्या एपीआयमधून होल फीचर थेट वाचता येतात, व्यास-खोली-थ्रेडसकट. पण त्यावर डोळे मिटून विसंबू नका. होल विझार्डने (भोक पाडायच्या खास कमांडने) केलेलं भोक तिथे भोक म्हणून दिसतं; वर्तुळ काढून कट-एक्स्ट्रूड केलेलं, म्हणजे तेवढं मटेरियल कापून काढलेलं भोक मात्र 'कट' म्हणून दिसतं. शिवाय एका फीचरच्या स्केचमध्ये दहा बिंदू असतात, त्यावर पॅटर्न असतो, वर एखादं फीचर सप्रेस, म्हणजे तात्पुरतं बंद केलेलं असतं. फीचरची संख्या म्हणजे भोकांची संख्या नव्हे.

स्टेपच हाती असेल तर तीन गोष्टी बघा.

पहिलं एकक. स्टेपमध्ये लांबीचं एकक लिहिलेलं असतं. मिलिमीटर असेल तर तसं, इंच असेल तर २५.४ च्या रूपांतरासकट. ओपन कॅस्केड वाचतानाच सगळं मिलिमीटरमध्ये आणतो, त्यामुळे घोळ बहुतेक वेळा आपण हाताने पुन्हा २५.४ ने गुणल्यामुळे झालेला असतो. अख्ख्या मॉडेलचा बाउंडिंग बॉक्स (सगळं मॉडेल मावेल अशा पेटीची मापं) छापा. हातात मावणारा भाग तीन मीटरचा दिसला तर भोकांकडे बघायचं कारणच नाही. एसटीएल फाइलमध्ये (तिच्यात नुसती त्रिकोणांची जाळी, म्हणजे मेश असते) एककच नसतं. तिथे विचारूनच घ्यावं लागतं.

दुसरं, बॉडी घन आहे की नुसते सरफेस शिवलेले किंवा न शिवलेले. घन बॉडीत प्रत्येक एज (कड) दोन फेसमध्ये वाटलेली असते. (सिलिंडरची शिवण तेवढी अपवाद, तिच्या दोन्ही बाजूंना तोच फेस असतो.) एकाच फेसला लागलेली एज सापडली की कवच उघडं आहे. उघड्या कवचाला आत-बाहेर नसतं, आणि भोक आणि खांब यांतला फरक ओळखण्याची आपली सगळी युक्ती आत-बाहेरवरच चालते. आधी शिवून घन करून घ्या, मग पुढे जा. मेश दुरुस्त करणाऱ्या टूलमध्ये 'होल' म्हणतात ते या फाटलेल्या जागेलाच, बरं का. 'फिल होल्स' दाबून ड्रिलचं भोक सापडत नाही म्हणून वैतागलेला माणूस मला दरवर्षी एक तरी भेटतो.

तिसरं, असेंब्ली. सहा ब्रॅकेट असले तरी फाइलमध्ये भूमिती एकदाच लिहिलेली असते आणि सहा ठिकाणी तिचे संदर्भ असतात, प्रत्येकाचं स्थान वेगळं. संदर्भाचं स्थान न लावता भूमिती वाचली तर सहाही ब्रॅकेटांचे अक्ष एकमेकांवर पडतात, आणि आपणच लिहिलेला 'एकसारखे अक्ष एकत्र करा' हा भाग सहाचं एक करून टाकतो. लक्षणांतला चौथा प्रकार तो हाच.

दुप्पट का येतं

इथे थोडं थांबतो, कारण सगळ्यात जास्त वेळा दुरुस्त केलेलं हेच आहे.

पूर्ण गोल भोकाची भिंत काही सॉफ्टवेअर एकाच फेसने दाखवतात, काही १८० अंशांचे दोन फेस करून लिहितात. दुसऱ्या प्रकारच्या फाइलवर 'सिलिंडर फेस मोजा' एवढंच करणारी स्क्रिप्ट दुप्पट सांगणारच. एजवरून मोजणाऱ्यांचं आणखी एक दुखणं असतं: एक्सप्लोरर (मॉडेलचे भाग एकेक करून हाती देणारा) प्रत्येक फेसमधून फिरतो, एज दोन फेसमध्ये वाटलेली असते, म्हणून तीच एज दोनदा हाती येते. त्यावर उपाय सोपा. एक्सप्लोररऐवजी मॅप वापरा, त्यात प्रत्येक वस्तू एकदाच येते.

तुटलेले फेस जोडायला ओपन कॅस्केडमध्ये एकाच सरफेसवरचे लगतचे फेस एक करणारं 'युनिफाय सेम डोमेन' आहे. आधी ते चालवून बघा, पुष्कळदा तेवढ्यावर भागतं. पण आडवं भोक मधून गेल्यामुळे ज्या भोकाचे दोन वेगळे तुकडे पडलेत, ते लगत नसतात, म्हणून जोडले जात नाहीत. त्यांना अक्षावरूनच एकत्र आणावं लागतं, आणि अक्षांची तुलना करताना तीच तीन चुका सगळे करतात. मीही केल्यात.

एक, अक्षाचा आरंभबिंदू थेट जुळवणं. सिलिंडरचा अक्ष रेषा आहे; फाइलने त्या रेषेवरचा कुठलाही बिंदू दिलेला असू शकतो. बिंदूंमधलं अंतर मोजू नका, एका बिंदूपासून दुसऱ्या रेषेपर्यंतचं लंब अंतर मोजा.

दोन, दिशा. वरून खाली आणि खालून वर हा आपल्या दृष्टीने एकच अक्ष. चिन्ह सोडून द्या.

तीन, आणि ही पटकन लक्षात येत नाही: दिशा समांतर आहेत का हे डॉट प्रॉडक्टने तपासणं. डॉट प्रॉडक्ट १ च्या जवळ आहे का, फरक ०.०००००१ पेक्षा कमी का, असं लिहिलं की फार काटेकोर वाटतं. पण छोट्या कोनाला कोसाइन जवळजवळ हलतच नाही. तेवढ्या फरकात ०.००१४ रेडियनचा, म्हणजे सुमारे ०.०८ अंशाचा तिरपेपणा खपून जातो. मीटरभर लांबीवर तो १.४ मिमी होतो! क्रॉस प्रॉडक्टची लांबी घ्या, ती थेट कोनाच्या प्रमाणात वाढते, आणि मग टॉलरन्स म्हणजे खरोखर किती ते कळतं.

त्रिज्येची तुलना 'बरोबर समान' अशी करू नका हे सांगायला नको. ५ ची त्रिज्या ४.९९९९९९९७ म्हणून येते, आणि मॉडेल फिरवलं की शेवटचे अंक आणखी बदलतात. शेवटचं लक्षण, आकडा हलता राहणं, बहुतेक वेळा इथलंच असतं. ओपन कॅस्केड ०.००००००१ मिमीच्या आत असलेले दोन बिंदू एकच मानतो, पण आपल्या तुलनेला तो टॉलरन्स लावू नका. बाहेरून आलेल्या फाइली तेवढ्या स्वच्छ नसतात. मी ०.००१ मिमीपासून सुरू करतो आणि नाइलाज झाला तरच वाढवतो. ०.०१ च्या वर जावं लागलं तर फाइलमध्येच खोट आहे असं समजतो.

खांब की भोक

दंडगोल खांब आणि भोक, दोन्हींचा सरफेस सिलिंडरच. फरक एवढाच की मटेरियल कुठल्या बाजूला आहे. नेटवर सापडणारी बहुतेक उदाहरणं फेसची दिशा 'उलटी' असेल तर भोक, असं सांगतात. साध्या मॉडेलवर ते चालतं. आरशात उलटवलेल्या भागावर त्याचं दिवाळं वाजतं, कारण सिलिंडरची स्वतःची अक्षप्रणाली डावखुरी झालेली असते आणि नॉर्मल (पृष्ठभागाला लंब दिशा) आधीच एकदा पलटलेला असतो. डावा ब्रॅकेट ठीक, उजव्याची सगळी भोकं खांब, असं दिसलं की हेच.

फाइलमधल्या त्या 'उलटी' खुणेवर विश्वास न ठेवता मोजून बघा. फेसच्या खरोखर आत असलेला एक बिंदू घ्या, तिथला बाहेर जाणारा नॉर्मल काढा (फेसची दिशा आणि अक्षप्रणाली दोन्ही धरून), आणि तो अक्षाकडे बघतोय की अक्षापासून दूर ते पाहा. अक्षाकडे असेल तर भिंत पोकळीची. त्याहून भरवशाचं पण हळू चालणारं: त्या बिंदूवरून अक्षाच्या दिशेने किंचित, शंभरांश मिलिमीटर, सरका आणि कर्नललाच विचारा की हा बिंदू घनाच्या आत आहे की बाहेर. बाहेर म्हणाला तर तिथे हवा आहे.

पण यातून एक नग तरीही निसटतो. सपाट तोंडावर ओ-रिंग बसवायची गोल खाच असते ना, तिची बाहेरची भिंत या सगळ्या परीक्षा पास होते: ३६० अंश पूर्ण, आतल्या बाजूला हवा. आणि ते भोक नसतं. मधे मटेरियल उभं असतं. म्हणून दुसरा बिंदू थेट अक्षावर घ्या, भिंतीच्या उंचीच्या मध्यावर. तिथेही हवा असली तरच भोक म्हणा.

कोपऱ्यातले पाहुणे

खिशाच्या आतल्या कोपऱ्याचा फिलेट म्हणजे ९० अंशांचा पोकळ सिलिंडर. पत्र्याच्या वाकीचा आतला भागही तसाच. उपाय एका वाक्यात: एकाच अक्षाच्या आणि त्रिज्येच्या सगळ्या तुकड्यांचे कोन जोडा, ३६० च्या जवळ पोहोचलं तरच भोक. हे जोडायचं काम आधीच्या गटबंदीनंतर करायचं, आधी केलंत तर १८० चे अर्धे फेस बिचारे फेकले जातील.

समोरासमोर १८० अंशांचे दोन तुकडे, अक्ष समांतर पण वेगळे, मधे दोन सपाट भिंती: हा स्लॉट. आणि भागाच्या कडेवर अर्धवट कापलं गेलेलं भोक २०० अंशांचं असू शकतं. ते धरायचं की नाही, हे पुन्हा त्या कॉमेंटमध्ये लिहिलेलं असायला हवं.

शून्य आलं तर

फेसचा प्रकार छापा. 'सिलिंडर'च्या जागी 'बी-स्प्लाइन' (कुठलाही वाकडा आकार दाखवू शकणारा सर्वसाधारण सरफेस) आलं असेल तर पाठवणाऱ्याच्या एक्स्पोर्टरने सगळं स्प्लाइनमध्ये बदललं आहे. दिसायला भोक तेच, पण अक्ष नाही, त्रिज्या नाही. पाठवणाऱ्याला एक्स्पोर्टची सेटिंग बदलून पुन्हा पाठवायला सांगणं हा सगळ्यात स्वस्त उपाय, आणि आधी तोच करा. माझ्या अनुभवात दोनांत एकदा तेवढ्यावर काम होतं.

ते शक्य नसेल तर वक्रता मोजा. फेसवर पंचवीस-तीस बिंदू घ्या. सिलिंडर असेल तर प्रत्येक ठिकाणी एक मुख्य वक्रता शून्य आणि दुसरी सगळीकडे सारखी, १ भागिले त्रिज्या. रॅशनल स्प्लाइन वर्तुळ तंतोतंत दाखवू शकते, त्यामुळे तिथे आकडे छान जुळतात. साधी स्प्लाइन वर्तुळाच्या जवळपास जाते, तंतोतंत होत नाही, म्हणून थोडं सैल धरावं लागतं. ओपन कॅस्केडच्या अलीकडच्या आवृत्त्यांत अशा सरफेसमधून सिलिंडर-शंकू ओळखणारी सोय आहे. स्वतः लिहिण्याआधी ती वापरून पाहा.

शून्य येण्याचं दुसरं कारण म्हणजे स्क्रिप्ट वर्तुळाकार एज शोधत असते आणि भोक नळीच्या अंगावर असतं. वाकड्या अंगावर उघडणाऱ्या भोकाचं तोंड वर्तुळ नसतं, छेदवक्र असतो. म्हणून मी एजपासून सुरुवात करतच नाही. सपाट फेसवरचे आतले लूप (एजच्या बंद साखळ्या) मोजणाऱ्यांनाही हेच लागू. वर खांबाच्या पायथ्याशीही आतला लूप असतोच.

आरपार, बंद, पायरीचं

अक्षावर भिंतीच्या मध्यापासून दोन्ही दिशांना किरण सोडा. कुठेच काही लागलं नाही तर आरपार, एका बाजूला लागलं तर बंद. पण आरपार भोकासमोर दहा सेंटिमीटरवर त्याच भागाचा दुसरा कान असेल तर किरण त्याला लागतो आणि भोक बंद ठरतं. म्हणून पहिला धक्का कुठे बसला तेही पाहा: भोकाच्या तळाशी की मोकळ्या हवेतून बाहेर पडून मग? तळाचा फेस भिंतीशी एजने, थेट किंवा शंकूमार्गे, जोडलेला असतो. समोरचा कान नसतो.

तळाला शंकू असेल तर कोन छापा. ड्रिलचं टोक बहुधा ११८ अंशांचं काढलेलं असतं, काउंटरसिंक (स्क्रूचं डोकं बसायचा शंकू) ९० किंवा ८२. स्टेपमध्ये मात्र शंकूचा अर्धा कोन लिहितात, म्हणजे ५९, ४५, ४१. तो रेडियनमध्ये आहे की अंशांत हेही फाइलच सांगते. ५९ बघून 'हे कुठलं टूल?' म्हणत बसू नका.

काउंटरबोरसाठी, एकाच अक्षावरचे गट उंचीप्रमाणे लावा आणि शेजारचे गट एकमेकांना मटेरियलच्या पायरीने जोडलेले आहेत का पाहा. जोडलेले असतील तर एकच भोक, वेगवेगळ्या व्यासाचं. मधे हवेची फट असेल तर ते समोरासमोरचे कान.

एक उलटतपासणी

भोकांकडे अजिबात न बघता आरपार भोकांची संख्या काढता येते, ऑयलर-प्वांकारे सूत्राने. व्हर्टेक्स (कोपऱ्याचे बिंदू) वजा एज अधिक फेस, त्यातून 'एकूण लूप वजा फेस' वजा करा. येईल ते २ गुणिले (कवचांची संख्या वजा आरपार भोकं).

एक भोक असलेला ठोकळा घ्या. व्हर्टेक्स १०, एज १५ (ठोकळ्याच्या १२, दोन वर्तुळं, एक शिवण), फेस ७. लूप ९, कारण वरच्या-खालच्या फेसला दोन-दोन. १० − १५ + ७ − २ म्हणजे ०. कवच एक, म्हणून आरपार भोक एक. बंद भोकं यात मोजलीच जात नाहीत, आणि फिलेट-खांबांनी काही बिघडत नाही, म्हणून स्क्रिप्टवर पहारा ठेवायला हे उत्तम.

तीन अटी आहेत. ओपन कॅस्केड शंकूच्या टोकाला एक नावापुरती, लांबी नसलेली एज ठेवतो, ती मोजू नका. काही कर्नल पूर्ण वर्तुळाला व्हर्टेक्सच देत नाहीत. तिथे प्रत्येक वर्तुळामागे एक धरा. आणि दोन आरपार भोकं आत एकमेकांना छेदत असतील तर सूत्र २ नाही, ३ म्हणेल. चार तोंडं एकाच पोकळीत मिळाली की त्यातून एक वजा होतो. सूत्र बरोबर असतं, ड्रिलचे फेरे दोनच असतात. हायड्रॉलिक ब्लॉकसारख्या भागात हा फरक एवढा वाढतो की तिथे ही तपासणी मी करतच नाही.

फक्त मेश असेल तर

एसटीएलमध्ये सिलिंडर उरलेलाच नसतो, त्रिकोण असतात. भिंतीच्या त्रिकोणांचे नॉर्मल एका प्रतलात पडतात, त्या प्रतलाला लंब तो अक्ष. त्रिज्या काढताना त्रिकोणांचे कोपरे घ्या, मध्य घेऊ नका. १० मिमीचं भोक १२ बाजूंनी काढलं असेल तर कोपरे १० वरच असतात, पण समोरासमोरच्या सपाट बाजूंमधलं अंतर ९.६६ भरतं. 'भोक लहान येतंय' अशी तक्रार आली की मी आधी बाजू मोजतो.

थ्रेडबद्दल

स्टेपमध्ये थ्रेड सहसा येत नाही, येतं ते नुसतं गुळगुळीत भोक. त्याचा व्यास टॅपिंग ड्रिलचा (आटे पाडण्याआधीच्या भोकाचा) असू शकतो किंवा नॉमिनल (थ्रेडच्या नावातला). ६.८ दिसलं तर एम-८, ५ दिसलं तर एम-६, ८.५ दिसलं तर एम-१० हा अंदाज आहे, पुरावा नाही. ५ मिमीचं साधं भोकही असतंच. थ्रेड ड्रॉइंगवरून घ्या. कुणी हौसेने खरा आटा मॉडेल केला असेल तर तिथे सिलिंडरच्या जागी मळसूत्री सरफेस मिळेल आणि वरचं काहीही लागू होणार नाही.

कुठे थांबायचं

शिवूनही घन होत नसेल, किंवा शिवायला टॉलरन्स ०.१ मिमीपर्यंत न्यावा लागत असेल, तर थांबा. ते काम डेटा रूपांतर करणाऱ्या माणसाचं आहे. जबरदस्तीने शिवलेल्या मॉडेलमधून आलेला आकडा बरोबर असला तरी तो बरोबर आहे हे तुम्हाला कळणार नाही.

आकड्यावरून थेट सीएनसी प्रोग्राम बनणार असेल, किंवा भाग दाब सहन करणारा, माणसाचा भार पेलणारा असेल, तर स्क्रिप्टचा निकाल डिझाइन इंजिनिअरने ड्रॉइंगशी ताडून पाहिल्याशिवाय पुढे जाऊ देऊ नका. इथे माझी स्क्रिप्ट असली तरी मी हेच सांगेन.

एकमेकांना छेदणारी भोकं, पायऱ्या, खाचा आणि ओतीव भागांचे निमुळते सिलिंडर असं सगळं एकाच मॉडेलमध्ये असेल आणि दोन दिवस जाऊनही दर नव्या फाइलला नवा अपवाद लिहावा लागत असेल, तर फीचर ओळखणारी तयार व्यावसायिक लायब्ररी घ्यायचा विचार करा. त्यामागे लोकांची अनेक वर्षं गेलेली असतात.

आणि मदत मागाल तेव्हा चारशे भागांची असेंब्ली पाठवू नका. जिथे चुकतं तो एकच भाग वेगळा काढा, शक्य झालं तर त्याचेही नको ते फेस उडवून चुकणारं एक भोक तेवढं ठेवा. सोबत कर्नलची आवृत्ती, वापरलेला टॉलरन्स, आणि तो लाल रंगवलेला स्क्रीनशॉट द्या. किती यायला हवी होती आणि किती आली, हे पहिल्याच ओळीत लिहा.